डोंगरावरच्या आईचा त्रिशूळ

महिपतबुवा आंजर्लेकर कीर्तनात द्रोणागिरी उचलत, तेव्हा पुढे बसलेल्या बायका आपापली पोरं मागे ओढून घेत. न जाणो, वरून एखादा धोंडा सुटला तर. मी त्यांना तो डोंगर सतरा वेळा उचलताना ऐकलं आहे आणि सतरा वेळा माझ्या डोळ्यांना पाणी आलं आहे. प्रत्यक्षात बुवा आंजर्ल्याच्या गणपतीला जाताना चढावर चार ठिकाणी बसत, आणि चारही ठिकाणी गणपतीला विचारत, "देवा, तुला खाली राहायला काय झालं होतं?" अशा माणसाला आमच्या डोंगराच्या माथ्यावर न्यायचं मी कबूल करून बसलो होतो.

ती कबुली बारा वर्षांपूर्वीची. श्रावणात आमची म्हैस डोंगरात गेली आणि तिच्यामागून मी गेलो. म्हैस दुपारी घरी परत आली, मी आलो नाही. धुकं असं, की आपला हात आपलाच आहे ना हे चाचपून बघावं. उतार सापडेना म्हणून चढत राहिलो. शेवटी पायाला धोंड्यांची रास लागली. राशीतून वर आलेला लोखंडी त्रिशूळ हाताला लागला. मी तिथेच आडवा झालो आणि म्हटलं, "आई, मला सुखरूप खाली ने. महिपतबुवांचं कीर्तन तुझ्यासमोर घालीन." थोड्या वेळात धुकं फाटलं, खाली बुरोंडीच्या होड्या दिसल्या, आणि समुद्राकडे तोंड करून मी उतरलो.

गावात हे सांगितलं तेव्हा रावजी गुरव म्हणाला, "आपल्या गावच्या देवांत असली कोण नाय." पण पुढच्याच गाऱ्हाण्यात त्याने तिचं नाव घेतलं. उगाच कुणाचा राग नको. तेव्हापासून डोंगरावरच्या आईने गावाला दोन मुलगे दिले, एक बैल उठवून उभा केला आणि माझ्या चिमाकाकूची दाढदुखी थांबवली. तिला बघितलेला मात्र मी एकटाच. वर जायला वाटच नव्हती. गुरांची वाट अर्ध्यावर करवंदीच्या जाळीत शिरायची आणि तिथेच गप्प व्हायची.

बुवा दरसाल म्हणत, पुढच्या साली बघू. सन एकोणीसशे एकतीसच्या दिवाळीत ते म्हणाले, "भागोजी, गुडघे गेले. या माघात झांज खुंटीला लावतो. तुझा डोंगर काय तो मार्गशीर्षात उरक, नाहीतर राहिला." नवस बोलताना मी बुवांचं नाव घेतलं होतं. दुसरा हरदास आईला चालेल का, हे विचारायला तरी वर जायला हवंच होतं.

मग मी बुरोंडीला इद्रीस तांडेलाकडे गेलो. तो होडीवरचा माणूस, माझा जुना स्नेही. आमचे तांदूळ त्याच्या घरी, त्याची सुकी मासळी आमच्या घरी. माझं रडगाणं ऐकून तो म्हणाला, "समुद्रात कुठे वाट असते? खुणा असतात. एका खुणेवरून दुसरी दिसली म्हणजे झालं."

तीन दिवस आम्ही दोघे कोयते घेऊन डोंगरात होतो. गवत पुरुषभर. दिसेल अशा जागी तीन धोंडे एकावर एक ठेवायचे आणि वरच्याला चुन्याचा हात मारायचा, ही इद्रीसची रीत. चौथ्या दिवशी त्याला होडी काढायची होती, म्हणून शेवटचा चढ मी एकट्याने केला. एकूण एकवीस खुणा झाल्या. माथ्यावर आई होती तशीच होती. मी तिला म्हटलं, येतो, या खेपेला बुवांना घेऊन.

कीर्तनाच्या आदल्या दिवशी माझी बायको सोनूबाई, चिमाकाकू आणि आणखी चार बायका खुणांवरून पाण्याची भांडी वर ठेवून आल्या. मी विचारलं, वाट नीट सापडली? सोनूबाई म्हणाली, "न सापडायला काय झालं, जागोजाग देव आहेत." मी त्यावर विचार करायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस माणसं निघाली. पुढे बुवा. पेटी इद्रीसच्या डोक्यावर, कारण डोलकाठीवर चढणाऱ्याचा तोल जात नाही. त्याच्यामागे रामा पेटीवाला, जीव मुठीत धरून. पहिली खूण आली. तिला कुंकू होतं, झेंडूचं फूल होतं आणि पुढ्यात खोबऱ्याची वाटी.

"हा कोण?" बुवांनी विचारलं.

"खूण आहे, बुवा."

तोपर्यंत बुवांनी हात जोडले होते आणि बसलेही होते. देव भेटला म्हणजे बसायला हरकत नाही, हे त्यांनी लगेच ओळखलं. त्यानंतर एकही देव त्यांनी उभ्याने घेतला नाही.

निम्म्या चढावर माझ्या ध्यानात आलं की वाट भलतीकडे वळते आहे. एक खूण ऐनाखाली, पुढची जांभळीखाली, त्यापुढची आणखी आडबाजूला.

"काकू, हे धोंडे कोणी हलवले?"

"मी," चिमाकाकू म्हणाली. "देव उन्हात तापत होता. सावलीत सरकवला."

"अगो, तो देव नव्हे. खूण होती ती."

"तीन-तीन मांडून, चुना लावून, वर खूण म्हणतोस. खुणेला चुना कोण लावतो?"

"आम्ही लावतो," इद्रीस पेटीखालून म्हणाला.

"तुमचं समुद्रातलं निराळं," काकू म्हणाली.

काकूने किती देव सावलीत नेले आणि बाकीच्या बायकांनी किती नवे मांडले, याचा पत्ता लागला नाही. डोंगरात जिकडे सावली तिकडे आमची मिरवणूक. शेवटी एका उंबराखालच्या सपाटीवर आलो. तिथे सगळ्यांत मोठी रास, हळदकुंकवाने माखलेली, आणि शेजारी पाण्याची भांडी. बुवांनी अंग टाकलं आणि म्हणाले, "आलो."

आलो नव्हतो. माथा पलीकडे होता. मधे खिंड, आणि खिंडीपलीकडे उभा चढ. मी तोंड उघडलं, तेवढ्यात बुवांनी झांज घेतली आणि नमनाला उभे राहिले. आता बोलायची सोय नव्हती. नारदाच्या गादीवर उभ्या माणसाला मधे थांबवत नाहीत. सासरा गेल्याचा निरोप आला तरी तो आरतीनंतर देतात.

पूर्वरंगात बुवा सांगत होते की देव जवळच असतो, आपणच लांब बघतो. मी लांब बघत होतो. बारा वर्षांनी बुवा डोंगरात आले, आणि माझं कीर्तन काकूच्या धोंड्यांपुढे चाललं होतं. आज हे असंच संपलं तर माघात झांज खुंटीला, आणि माझा शब्द जन्मभर अर्ध्यावर.

मध्यंतर झालं. बुवांना हार घालायचा मान माझा. हार घेऊन मी पुढे झालो आणि घातलाच नाही.

"बुवा, ही ती नव्हे."

"कोण ती?"

"आई. ती पलीकडे आहे."

बुवांनी पलीकडे बघितलं. "हे आता सांगतोस?"

"तुम्ही गादीवर होता."

"भागोजी, तो डोंगर आहे."

"होय."

"आणि मधे खड्डा आहे."

"होय. पण बुवा, तुम्ही पुन्हा काय यायचे नाही, आणि मी तिला तोंड कसं दाखवू?"

तो हार मी दोन्ही हातांत असा धरला होता की बुवांना दया आली असावी. "कीर्तन मोडायचं नाही," ते म्हणाले. "हार गळ्यात पडला म्हणजे मध्यंतर संपतं. तेव्हा तू तो घालू नकोस. आणि गजर खाली पडू द्यायचा नाही, कुणी मेलं तरी."

विठ्ठल विठ्ठल म्हणत चाळीस माणसं खिंडीत उतरली. उतारावर रामा मागच्या उंचवट्यावरून वाकून इद्रीसच्या डोक्यावरची पेटी वाजवत होता. चढ लागला तशी पेटी गप्प झाली, पण झांज थांबली नाही. बुवांना पुढून मी ओढत होतो, मागून दोघे ढकलत होते. काही विठ्ठल त्यांनी भक्तीने म्हटले, काही करवंदीचा काटा रुतला म्हणून. देवाला फरक कळला असेल, मला नाही कळला.

माथ्यावर आलो. वारा, खाली सगळा समुद्र, आणि मधोमध ती रास. गजर चालूच होता. लोकांनी लोटांगणं घातली. इद्रीसने पेटी उतरवली, राशीभोवती एक फेरी मारली, त्रिशुळावरून हात फिरवला आणि मला बाजूला घेतलं.

"भागोजी, हा आमचा नांगर."

"कसला नांगर?"

"होडीचा. चार आकडे असतात, एक तुटलाय. माझ्या बापाने, यूसुफ तांडेलाने, वर आणून पुरलेला. खाली पाण्यात खडक आहे. ही रास आणि बंदरावरचा माड एका रेषेत दिसले की होडी खडकाच्या बाहेर. बाप दरसाल येऊन चुना लावायचा. तो गेला, मग कोण आलं नाय."

"आणि तू मला आज सांगतोस?"

"तू त्रिशूळ म्हणालास. मला काय ठाऊक? मी ही रास आजवर समुद्रातूनच बघत आलोय."

मी राशीकडे बघितलं. धोंड्यांच्या सांदीत जुन्या चुन्याचे पापुद्रे होते. ते मी बारा वर्षांपूर्वीही चाचपले असणार. काकूला मी कुठल्या तोंडाने बोललो होतो?

हार अजून हातात होता, म्हणजे मध्यंतर चालूच होतं. मी बुवांच्या कानात सगळं सांगितलं. ते धोंड्याला टेकून धापा टाकत होते. त्यांनी नांगर वरपासून खालपर्यंत बघितला.

"तुला वाट कोणी दाखवली?"

"हिनेच."

"आणि यांच्या होड्यांना?"

"हिनेच," इद्रीस म्हणाला.

"मग तक्रार कसली आहे? विठोबा विटेवर उभा आहे. ती वीट कुठल्या तरी कुंभाराने भाजली असेलच. तो कधी पंढरपुरात सांगायला गेला नाही, की माझी आहे म्हणून. हार घाल."

मी हार घातला, बुक्का लावला. उत्तररंगात द्रोणागिरी अठराव्यांदा उचलायचा होता, पण बुवांनी त्याचं नावच काढलं नाही. उपरणं डोक्याला गुंडाळून ते यूसुफ तांडेल झाले आणि त्यांनी नांगर खांद्यावर घेतला. खाली खडकाशी होड्या, घरी बायकापोरं, आणि हा माणूस बिनवाटेच्या डोंगरातून लोखंड वाहतो आहे. पायात काटे, गवतात घसरण, दर दहा पावलांवर वाटतं टाकून द्यावं. सतरा वेळा बुवांनी हवेत डोंगर उचलला होता; त्या दिवशी डोंगर त्यांच्या गुडघ्यांत होता. मला समोरचं दिसेनासं झालं. रावजी गुरव उघड रडत होता.

आख्यान संपलं तशी चिमाकाकू पदराने नाक पुसत मला म्हणाली, "बघ, आईला त्रिशूळ आणून दिला तो इद्रीसच्या बापाने. भला माणूस."

मी म्हटलं, होय.

इद्रीसही डोळे पुसत पुढे आला. "बुवा, एक सांगू? बापाने एकट्याने नव्हता आणला. उचलणारे चौघे होते. बाप पुढे, रिकाम्या हाताने, त्यांना शिव्या घालत."

"मला मागून कोण ढकलत होतं ते मी सांगितलं काय कुणाला?" बुवा म्हणाले. "कापूर लावा."

आरती झाली. प्रसाद वाटला. माणसं उतरायला लागली, आणि बुवा कड्याच्या टोकाशी जाऊन खाली बघून आले. गुडघे चोळत राशीसमोर बसले, नांगराला हात जोडले आणि मला जवळ बोलावलं.

"भागोजी," ते हळूच म्हणाले, "धुक्यात अडकलास त्या दिवशी तू हिला नेमकं काय म्हणाला होतास? शब्द सांग."