पुराव्यासाठी ठेवलेला आवाज

सासूबाईंचा आवाज कायमचा जाणार असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा खरं तर सुनेला आनंद व्हायला हवा होता. तेवढा तिचा हक्क होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या आवाजाने तिला एक कप धड विसळू दिला नव्हता. पण घशातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागणार हे कळल्यावर दवाखान्याच्या जिन्यात हमसून हमसून रडली ती सूनच. "रडतेस काय? नाक पूस आधी," सासूबाई म्हणाल्या. "लोक बघतायत."

डॉक्टरांनी एक वाट दाखवली होती. पेशंटसाठी एक यंत्र मिळतं. अक्षरं दाबली की ते बोलतं. ऑपरेशनच्या आधी ठरावीक वाक्यं स्वच्छ आवाजात रेकॉर्ड करून दिली, तर ते पेशंटच्याच आवाजात बोलतं. नाहीतर कारखान्यातून आलेला तयार आवाज आहेच, फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणणाऱ्या बाईसारखा गोड. सासूबाई आपल्याशी गोड आवाजात बोलतायत, ही कल्पनाच सुनेला सहन होईना.

"रेकॉर्डिंगचं माझ्यावर सोडा," नवरा म्हणाला. इथेच सगळ्यांनी सावध व्हायला हवं होतं.

नवरा लिनक्सवाला. संगणक चालवायची ही प्रणाली मुक्त, फुकट आणि कुणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली. इतर लोक ती वापरतात, नवरा ती व्रतासारखी पाळायचा. घरात दोन संगणक होते. बायकोला ऑफिसने दिलेल्यावर बटण दाबलं की रेकॉर्डिंग सुरू व्हायचं, आणि नवऱ्याच्या संगणकावर बटण दाबलं की संशोधन.

"माझा घे ना," ती म्हणाली.

"त्या बंदिस्त डब्यात माझ्या आईचा आवाज जाणार नाही."

"मग फोनवर कर."

"फोनचा माईक आवाजाचा चोथा करतो. तुला नाही कळायचं."

शनिवारी सकाळी त्याने नवाकोरा माईक जोडला. संगणकाने माईकला ओळखलं, अगदी नावानिशी ओळखलं, आणि त्याचं काहीही ऐकून घ्यायला नकार दिला. सुनेला हा प्रकार नवा नव्हता. या घरात तिचं स्वतःचं बरीच वर्षं तसंच चाललं होतं.

नवऱ्याने तिला कारण समजावलं. लिनक्सवर आवाज सांभाळायला एकच व्यवस्था नसते. सगळ्यात खाली अल्सा, ती थेट यंत्राशी बोलते. तिच्या डोक्यावर पल्स, ती सगळ्यांना आवाज वाटून देते. आणि संगीतवाल्यांसाठी जॅक, ती फार चपळ, पण तिची मिजास मोठी. एकीने माईक धरून ठेवला की दुसरीला मिळत नाही.

"म्हणजे तीन जावा आणि एक बाथरूम," सून म्हणाली.

"आता चौथी नवीन आली आहे. ती तिघींचं काम एकटी करते म्हणतात."

"मग तिलाच का नाही आणत?"

"मला ती अजून पटलेली नाही," नवरा म्हणाला.

शनिवार असाच गेला. एकीला झोपवावं तर दुसरी बेशुद्ध पडायची. दुपारी माईक चालला तेव्हा स्पीकर गेला, संध्याकाळी स्पीकर आला तेव्हा माईक. मधे एकदा दोन्ही चालले, पण आवाज बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा आला. नवरा कानाला हेडफोन लावून कुणा दाढीवाल्या परदेशी माणसाचे शिकवणीचे व्हिडिओ एकामागून एक बघत होता. सासूबाई वाक्यांचे कागद मांडीवर घेऊन बसून होत्या. "आवाज जायच्या आधी जीव जाईल माझा," त्या म्हणाल्या.

रविवारी संध्याकाळी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. दुपारी नवऱ्याच्या खोलीतून आरोळी आली. पडद्यावरचा हिरवा पट्टा नाचत होता! आवाज आत जात होता! मग खिडक्या बंद झाल्या, दाराला गोधडी लागली, घरघर नको म्हणून फ्रिजसुद्धा बंद झाला. "दूध नासेल," सासूबाई म्हणाल्या. त्यांना दटावून माईकसमोर बसवलं.

"आधी थोडं ऐकून बघूया का?" सुनेने विचारलं.

"अजिबात नको! ऐकायला गेलं की माईक सुटतो. मोठ्या मुश्किलीने धरलाय. चालतंय ना? मग हात लावायचा नाही."

सासूबाई वाचू लागल्या. घसा दुखत होता, पण शाळेतल्या पहिल्या नंबरच्या मुलीसारख्या ताठ बसून वाचत होत्या. मला पाणी हवं आहे. आज हवा छान आहे. दार उघड. मग एक वाक्य आलं, 'तू आहेस म्हणून मला चिंता नाही.' ते वाचताना त्यांनी कागदावरून डोळे उचलले आणि दाराशी उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं. आवाज इतका मऊ झाला की सुनेला वाटलं, हा आपण प्रथमच ऐकतोय. ते खरंच होतं.

शेवटचं वाक्य संपलं तेव्हा सासूबाईंचा घसा पुरता बसला होता. नवऱ्याने मोठ्या थाटात रेकॉर्डिंग लावलं.

दाढीवाला बोलू लागला.

सगळ्या रेकॉर्डिंगभर तोच बोलत होता. खुर्चीवर टाकलेल्या हेडफोनमध्ये त्याचे व्हिडिओ आपोआप पुढे पुढे चालू राहिले होते, आणि प्रोग्रॅम माईकऐवजी संगणकाचं स्वतःचंच बोलणं टिपत बसला होता. हिरवा पट्टा नाचला तो दाढीवाल्याच्या तालावर. लिनक्सवर माईक कसा जोडावा, हे तो फार सुरेख समजावून सांगत होता.

सासूबाईंनी बोलायचा प्रयत्न केला, नुसती हवा आली. नवरा डोकं धरून खाली बसला. त्याला बघून सुनेला राग येईना, याचाच तिला राग आला.

मग ती उठली आणि आपला फोन घेऊन आली. सासूबाईंना टाइप करायचा कंटाळा. त्या बाजारातून, बहिणीकडून, कधी कधी शेजारच्या खोलीतूनही सुनेला बोलून निरोप पाठवायच्या. सुनेने त्यातला एकही पुसला नव्हता. 'गॅस बंद केलास का?' 'चहात साखर घालतेस की विसरतेस?' 'ओले कपडे काय स्वतः चालत जाणार आहेत दोरीवर?' एक दिवस हे सगळं नवऱ्यापुढे पुरावा म्हणून ठेवायचं, तुझी आई मला काय बोलते ते ऐक म्हणायचं, म्हणून वर्षानुवर्षं जपून ठेवलं होतं. आता तिने ते त्याच्यापुढे ठेवलं. चोथा केलेल्या आवाजात, पण शब्द न् शब्द स्पष्ट. नवरा खाली मान घालून ऐकत राहिला.

दवाखान्यातली वाचातज्ज्ञ बाई म्हणाली, "एवढ्यावर होईल. फक्त सूर यातलाच येईल हं."

आलाच. ऑपरेशननंतर सासूबाई घरी आल्या, बऱ्या झाल्या, यंत्रावर बोटं फिरवायला शिकल्या. एका सकाळी सून चहा देऊन वळली, तेव्हा त्यांनी तिला हाताने थांबवलं आणि बराच वेळ एकेक अक्षर दाबत बसल्या.

"तू आहेस म्हणून मला चिंता नाही!" यंत्र खेकसलं.

सून सवयीने धावत स्वयंपाकघरात गेली आणि गॅस बंद आहे का बघितलं. बंदच होता. मग ती ओट्याला टेकून रडली, आणि कुणी सांगायच्या आत स्वतःच नाक पुसलं.