नमुना पाठ

थोरलीचा आवाज चढत नसे. वर न्यायला गेलं की तो मध्येच चिरकायचा आणि समोरच्याला हसू फुटायचं. अशा मुलीनं शिक्षिका व्हायचं मनावर घ्यावं, याची तिच्या वडिलांना मोठी गंमत वाटे. वडिलांना घरीदारी सगळे मास्तरच म्हणत. उभी हयात त्यांनी शाळेत काढली होती. निवृत्त झाल्यावर हातातली छडी तेवढी सुटली, जिभेवरची तशीच राहिली.

"पोरी, तुझं मांजर तरी ऐकेल का?" तिनं पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा ते म्हणाले होते. दुसऱ्या खेपेलाही निवड झाली नाही, त्या दिवशी त्यांनी जेवताना सगळ्यांदेखत तिची नक्कल केली. मान वाकडी करून, बोट नाचवून, "मुलांनोऽ, शांत बसा नाऽ!" धाकट्या भावाला हसून हसून ठसका लागला. आई हसली नाही. पण ओठ आवळून तिनं हसू गिळलं, ते थोरलीनं पाहिलं. मास्तरांचं बोलणं या कानानं ऐकून त्या कानानं सोडायची तिला सवय होती. आईचं ते गिळलेलं हसू मात्र तिच्या जिव्हारी लागलं.

तरी तिनं तिसऱ्यांदा अर्ज केला. पदवीधरांसाठीच्या त्या शिक्षक प्रशिक्षणाला जागा बोटांवर मोजण्याइतक्या आणि अर्ज पोत्यानं. एकदा आत गेलं की शिकता शिकताच शाळेत नेमणूक, आणि पुढे कायमची नोकरी. वयाची अट पुढच्या वर्षी तिला आडवी येणार होती. आता नाही तर कधीच नाही.

विज्ञानाची पदवी घेतल्यापासून ती एका चष्म्याच्या दुकानात काम करत होती. गिऱ्हाइकाचा नंबर तपासायचा, काचा बसवायच्या, नाकावर फ्रेम नीट बसते का बघायचं. लहान मुलं आली की मालक तिलाच हाक मारत. भेदरलेल्या पोराच्या हातात ती एक भिंग द्यायची आणि म्हणायची, "आधी तू माझे डोळे तपास." पोर खुदकन हसायचं, आणि मग भिंग असं का करतं, तसं का करतं, हे प्रश्न सुरू व्हायचे. त्या प्रश्नांची उत्तरं देताना तिचा आवाज कधी चिरकत नसे. आपल्याला शिकवता येतं हे तिला तिथं, काउंटरमागे उभं राहून कळलं होतं. घरात कुणाला सांगायची सोय नव्हती.

यंदा लेखी परीक्षा तिनं चांगली दिली. शेवटची फेरी उरली. एका शाळेत जाऊन खऱ्या वर्गावर नमुना पाठ घ्यायचा आणि लगेच मुलाखत. पाठ कसा घ्यायचा ते तिनं पुन:पुन्हा लिहून घोटलं होतं. विषय घेतला भिंगांचा. दुकानातून काचांचा एक डबा मागून आणला. मुलांच्या हातात काचा द्यायच्या, त्यांनाच बघू द्यायचं, त्यांनाच बोलू द्यायचं. आवाज चढवायची वेळच येऊ द्यायची नाही.

निघताना मास्तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "संध्याकाळी रडत आलीस तर मागच्या दारानं ये. पुढे माझी माणसं बसलेली असतात."

शाळेत उमेदवारांना चित्रकलेच्या खोलीत बसवलं होतं. बाकांवर वाळलेल्या रंगांचे डाग, भिंतीला टेकून ठेवलेले फळकुटांचे बोर्ड. शेजारी एक ग्रंथपाल बसला होता. वाचनालय बंद पडलं म्हणून इकडे वळलेला, केस अकाली पिकायला लागलेला माणूस. मांडीवरचा डबा ती सारखा उघडत-मिटत होती ते बघून त्यानं आपली पाण्याची बाटली पुढे केली.

"ताई, काचा सांडतील. डबा खाली ठेवा."

त्याचा नंबर तिच्या आधी होता. तो गेला आणि थोड्या वेळानं भिंतीपलीकडून बाक आपटल्याचे, ओरडल्याचे, शिट्ट्यांचे आवाज यायला लागले. खोलीतल्या उमेदवारांनी एकमेकांकडे बघितलं. ग्रंथपाल परत आला तेव्हा त्याच्या कॉलरवर खडूची भुकटी होती आणि कान लाल झाले होते.

"काय झालं हो?" तिनं विचारलं.

"काय व्हायचंय? धुडगूस घातला पोरांनी. मी आपली गोष्ट सांगत राहिलो." तो खाली बसला, जरासा हसला. "शेवटी पुढचा एक बाक ऐकायला लागला होता. एक बाक म्हणजे काही कमी नाही."

मग तिचं नाव पुकारलं.

वर्गात मागच्या भिंतीशी निवड समितीचे तिघेजण बसले होते. मधे अध्यक्षबाई, मांडीवर कागद, हातात पेन. पुढे तेरा-चौदा वर्षांची मुलं, चेहरे असे टवटवीत की जणू जत्रेला आलेत. थोरलीनं डबा टेबलावर ठेवला, फळ्यावर पाठाचं नाव लिहिलं आणि म्हणाली, "आज आपण भिंगं बघणार आहोत."

"आज आपण भिंगं बघणार आहोत," दुसऱ्या बाकावरून एक आवाज आला. हुबेहूब तिचा. वर्गात हशा पिकला.

बोलणारी मुलगी किरकोळ अंगाची होती, नाकावर जाड चष्मा, चष्म्याची एक दांडी काळ्या दोऱ्यानं बांधलेली. थोरली न ऐकल्यासारखं करून काचा वाटायला गेली. दोन काचा खाली पडल्या, एक कुणीतरी खिशात टाकली, एक खिडकीबाहेर गेली. तिनं "हे बघा" म्हटलं की मुलगी "हे बघाऽ" म्हणायची. मागून कुणीतरी म्याव म्याव सुरू केलं. थोरलीनं शेवटी सगळा जीव एकवटून म्हटलं, "मुलांनो, शांत बसा!"

आणि आवाज चिरकला.

मग त्या मुलीनं मान वाकडी केली, बोट वर केलं आणि म्हणाली, "मुलांनोऽ, शांत बसा नाऽ!"

अख्खा वर्ग बाकांवर कोसळला. मागच्या भिंतीशी बसलेल्यांपैकी एक गृहस्थसुद्धा रुमालात तोंड लपवताना थोरलीला दिसले. तिच्या डोक्यात काहीतरी तडकलं. ते रागासारखं तापलेलं नव्हतं, थंड होतं. दुकानात नंबर तपासताना ती जशी समोरच्या डोळ्याकडे बघायची, तसं तिनं त्या मुलीकडे बघितलं. आणि तिला कळलं की ही मुलगी फळ्याकडे बघते तेव्हा डोळे बारीक करते. चष्मा कधीचा जुना झालाय. हिला काही दिसत नाही.

"तू. इकडे ये," ती हळूच म्हणाली.

मुलगी ऐटीत पुढे आली. थोरलीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला वर्गाकडे तोंड करून उभं केलं.

"हिचे डोळे बघा. चष्म्यातून केवढे दिसतात?"

"बारीक!" कुणीतरी ओरडलं.

"कशाएवढे?"

"उंदराच्या डोळ्यांएवढे!"

"बरोबर. कडेला जाड आणि मधे पातळ असं भिंग वस्तू लहान दाखवतं. आता बघा." तिनं मुलीच्या नाकावरून चष्मा अलगद काढला. "आता मोठे झाले. पण आता हिला काय दिसतं? वाच गं, फळ्यावर काय लिहिलंय?"

मुलगी वळली. तिनं डोळे ताणले, मग बारीक केले. चष्म्याविना तिचा चेहरा उघडा पडल्यासारखा दिसत होता.

"नाही दिसत," ती म्हणाली.

"पुढे जा. अजून पुढे. नाक लाव फळ्याला."

वर्ग हसला. मघाशी थोरलीला हसला होता, तेच हसू. थोरलीला ते अंगावरून गार वारा गेल्यासारखं सुखाचं वाटलं.

"आता चष्मा घाल आणि जागेवर जाऊन वाच."

मुलीनं चष्मा घातला, बाकाशी गेली आणि गप्प राहिली.

"तरी येत नाही ना? कारण हा चष्मा तिच्या लहानपणचा आहे. म्हणजे बघा मुलांनो, हिला इतके दिवस फळ्यावरचं एक अक्षर दिसत नव्हतं. तुम्ही वाचलंत की ही तुमच्यामागून म्हणते. हिला दुसरं येतंच काय? नक्कल."

यावर कुणी हसलं नाही. सगळ्यांनी वळून त्या मुलीकडे बघितलं, आणि तिच्या शेजारची मुलगी जराशी सरकून बसली. त्यानंतर वर्गात टाचणी पडली असती तरी ऐकू आलं असतं. थोरलीनं उरलेला पाठ घेतला. काचा हातोहात फिरल्या, मुलांनी हात वर करून उत्तरं दिली. तिचा आवाज एकदाही चिरकला नाही. जाड चष्म्याची मुलगी बाकावर नखानं रेघ कोरत बसली होती, तिकडे थोरलीनं मुद्दाम बघितलं नाही.

मुलाखतीत अध्यक्षबाई खूश होत्या.

"विषय थेट वर्गातल्या मुलीशी जोडलात. आणि नियंत्रण! आज सकाळपासून पहिल्यांदा तो वर्ग गप्प बसलेला पाहिला."

"त्या मुलीला जरा जास्तच..." थोरली पुटपुटली.

"छे हो! तिला आम्हीच सांगितलं होतं. वर्गशिक्षकांनी निवडून दिली, नक्कल छान करते म्हणून. प्रत्येक उमेदवाराला छळायचं, कोण कसं निभावतं ते बघायचं. बिचारी आधी तयारच नव्हती, म्हणे बाई रागावतील." अध्यक्षबाई हसल्या. "तुम्ही चांगल्याच रागावलात."

थोरलीही हसली.

बाहेर जिन्यात ग्रंथपाल भेटला. खिडकीबाहेर पडलेली काच त्यानं मैदानातून शोधून आणली होती. ती तिच्या हातात देत त्यानं विचारलं, "कसा झाला?"

"चांगला झाला."

"बाहेर ऐकू आलं," तो म्हणाला. आणखी काही म्हणेल म्हणून ती थांबली, पण तो "येतो ताई" म्हणून जिना उतरून गेला.

निकाल लागला. तिची निवड झाली, ग्रंथपालाची नाही. मास्तरांनी निवडीचं पत्र दोनदा वाचलं आणि मग विचारलं, "केलंस काय नेमकं?" तिनं सांगितलं, आडवळणानं, मुलीचा भाग कमी करून. पण मास्तर जुनं खोड. त्यांनी खोदून खोदून सगळं काढून घेतलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की तिनं जन्मात तसा पाहिला नव्हता.

"नस दाबलीस! शाब्बास! आमच्या वेळी आम्ही पहिल्याच दिवशी एक पोर धरायचो. एक धरलं की बाकीचे चाळीस सरळ." ते आईकडे वळले. "बघितलंस? माझं रक्त आहे." संध्याकाळी ओट्यावर आलेल्या माणसांना त्यांनी ती गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली, आणि थोरली चहा घेऊन बाहेर आली तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. लहानपणापासून तिला हेच हवं होतं. आता मिळालं, आणि तिला ते टाकताही येईना.

नेमणूक त्याच शाळेत झाली, वर्गही तोच मिळाला. पहिल्या दिवशी ती आत गेली तेव्हा मुलं ताडकन उभी राहिली. दुसऱ्या बाकावरच्या मुलीच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. ती शेजारणीच्या वहीत बघून लिहायला गेली, तर शेजारणीनं वही हातानं झाकली. मधल्या सुट्टीत मैदानावर थोरलीच्या कानावर आलं, मुलं त्या मुलीला 'उंदीर' म्हणतात.

तिनं मुलीला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. दार लावलं.

"चष्मा का घालत नाहीस?"

"नको वाटतो."

"मी दुकानातून नवा करून देते. तुझ्या आईला काही बोलायला नको."

"नको, बाई."

थोरली खुर्चीवर बसली, म्हणजे दोघींचे डोळे एका पातळीत आले. "हे बघ. त्या दिवशी मी चुकले. तुला सांगितलेलंच तू करत होतीस, आणि मी तुझा... मी फार वाईट वागले. माझं चुकलं."

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. तिला चेहरा नीट दिसत होता की नाही कोण जाणे.

"सगळ्यांसमोर म्हणाल?" तिनं विचारलं.

"काय?"

"हेच. तुम्ही सगळ्यांसमोर बोलला होतात ना. मग हेपण सगळ्यांसमोर म्हणा. म्हणजे ते थांबतील."

"म्हणेन," थोरली म्हणाली. "उद्याच म्हणते."

"खरंच?"

"अगदी खरं."

दुसऱ्या दिवशी ती मनाशी वाक्य जुळवत वर्गात शिरली, तर मागच्या भिंतीशी अध्यक्षबाई बसलेल्या. नव्या शिक्षकांचे तास बघायला न सांगता येण्याची त्यांची पद्धतच होती. थोरलीनं खडू उचलला. आज नको, यांच्यासमोर नको, तिनं स्वतःला सांगितलं. तास रंगला. दुसऱ्या बाकावरची मुलगी घंटा होईपर्यंत हात बाकावर ठेवून तिच्याकडे बघत होती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाई नव्हत्या. थोरलीनं हजेरी घेतली, घसा साफ केला. चाळीस तोंडं तिच्याकडे लागली होती, गुपचूप, आज्ञाधारक. 'मी चुकले' म्हटलं की ही तोंडं कशी बदलतील ते तिला स्पष्ट दिसलं. पहिली शिट्टी कुठल्या बाकावरून येईल तेही. आणि घरी मास्तर काय म्हणतील तेही. ती म्हणाली, "मागच्या तासाला आपण कुठपर्यंत आलो होतो?"

असे दिवस जात राहिले. मुलगी रोज तास सुरू झाला की मान वर करायची आणि वाट बघायची. थोरली वर्गाकडे तोंड करायची ती आता फार कमी वेळा. वर्गाकडे पाठ करून लिहीत राहणं तिला सोपं जाई. कधी पुढच्या आठवड्यात म्हणू, कधी परीक्षा होऊ दे, कधी आता मुलं विसरलीच असतील. मुलं विसरली नव्हती. उंदीर हा शब्द आता इतका रुळला होता की एकदा हजेरी घेताना तो थोरलीच्याही ओठांपर्यंत आला आणि तिनं तो जेमतेम गिळला.

मग एका सकाळी तिनं "बसा" म्हटलं, वर्ग बसला, आणि दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं मान वर केली नाही. तिनं वही उघडली आणि कोऱ्या पानावर, फळ्याकडे न बघता, स्वतःचंच काहीतरी लिहायला घेतलं. थोरलीच्या छातीवरचा दगड उतरला. तिनं मोकळा श्वास घेतला आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात शिकवायला सुरुवात केली.