डालड्याचा डबा

आमच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत क्लब होता, ही गोष्ट मी राहुरीच्या पाहुण्यांना जरा जास्तच वेळा सांगत असे. मुरमाचं टेनिस कोर्ट आणि त्याला लागून पोहण्याचा फरशीचा तलाव, एवढाच तो क्लब. टेनिसमधलं माझं कर्तृत्व बहुतेक चेंडू गोळा करण्यात होतं, आणि पाण्यात तर मी घोट्याच्या वर कधी गेलोच नव्हतो. पण माझी बायको चांगुणा माहेरी, बेलापूरला, "आमचे साहेब टेनिस खेळत्यात" असं काही थाटात सांगे, की ऐकताना मलाही ते खरं वाटे.

ती स्वतः पाण्याला भ्यायची. लहानपणी विहिरीत पडून वाचली होती. तेव्हापासून न्हाणीतलं घंगाळसुद्धा अर्धंच भरायची. संध्याकाळी तलावावर बायकांची वेळ असे आणि तेव्हा पुरुषांनी तारेच्या आत पाऊल टाकायचं नाही, असा क्लबचा कडक नियम. शेजारणी पाण्यात खिदळत असताना ही मात्र कोर्टाच्या कडेला बसून माझे चुकलेले फटके कौतुकानं बघायची.

बहात्तर साली पावसानं दगा दिला. कालवा आटला, कोर्टावर मारायला पाणी नाही म्हणून जाळी गुंडाळून ठेवली, आणि तलावाच्या तळाशी पाचोळा साठला. नेमकं तेव्हाच चांगुणानं पोहायला शिकायचं मनावर घेतलं.

"आता पानीच न्हाई, तर भ्यायचं कशाला?" ती म्हणाली.

मला हसू आवरेना. पण हौसेला मोल नसतं. नवशिके पाठीला बांधतात तसा डालड्याचा रिकामा डबा मीच तोंड झाळून, हवाबंद करून आणला, त्याला सुती दोरी लावून दिली. रोज संध्याकाळी ती तो घेऊन जाई. कोरड्या फरशीवर पालथी पडून हातपाय मारत असेल बिचारी, असं म्हणत मी घरी चहा ठेवायचो. दुष्काळात माणसाला काहीतरी विरंगुळा हवाच.

मग एकदा ती परतली तेव्हा तिची वेणी ओली होती. टँकरचं पाणी घरटी एक हंडा मिळायचं आणि आमचा हंडा जसाच्या तसा झाकलेला होता. मी वेणीकडे पाहतोय हे तिनं ओळखलं.

"सुकंल की," ती म्हणाली, आणि चहाची कपबशी माझ्यापुढे सरकवली.

तलावावर बायकांची देखरेख करायला छबूबाई होती. ती टँकरपाशी भेटली. "साहेब, बाई लई झ्याक पवत्यात. आता खोल बाजूला बी जात्यात," ती म्हणाली. मी हसलो. छबूबाई हसली नाही. ती काही थट्टा करणारी बाई नव्हती.

त्यानंतर एका संध्याकाळी मी कारखान्यातून घरी आलो, तर चांगुणा तलावावर गेलेली होती आणि डबा खुंटीवर तसाच होता. कोरड्या तलावाला डबा कशाला लागतो, असं स्वतःला बजावत, स्वतःवरच चिडत, मी डबा उचलला आणि पळत सुटलो. नियम मोडून तारेच्या आत शिरलो.

ऊन अजून पुरतं गेलं नव्हतं. काठावर तिच्या चपला होत्या. तळाशी पाचोळ्यातून एक खार तुरुतुरु पळत गेली. आणि खोल बाजूला चांगुणा होती. तिचे पाय तळाला टेकलेले नव्हते.

हात संथ फिरत होते, पातळाचा पदर बाजूला पसरून हलत होता. इतका निवांत चेहरा मी लग्नापासून पाहिला नव्हता. मग तिनं मला पाहिलं आणि तिची हनुवटी किंचित खाली गेली.

"अहो, दमले मी," ती म्हणाली. "पन तुमी येऊ नका. तुमाला पवता येत न्हाई."

मी डबा माझ्या पाठीला बांधला, दोरीची गाठ ओढून पाहिली आणि शिडीवर पाय टाकला. घोट्यापर्यंत गार लागलं. मी आणखी एक पायरी उतरलो.