खुन्याचं नाव

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट, त्यात लग्नानंतर हातात कात्री आली. आमचे हे मुंबईला एका फिल्म कंपनीत काही वर्षं राबून जळगावला परतले ते एक जुना कॅमेरा आणि डोक्यात एक खूळ घेऊन. खुनाचं चित्र काढायचं. तेव्हा चित्रं मुकी होती. देवादिकांची चित्रं सगळेच काढतात, आपण लोकांची झोप उडवू, असं ह्यांचं म्हणणं. कॅमेरा हे फिरवत, आणि फिल्म कापायची-जोडायची मी, मागच्या खोलीत खिडकीशी बसून. फिल्म चिकटवायच्या औषधाला पिकल्या केळ्यांचा वास यायचा. माझं सासर असोद्याचं, घरात केळ्यांना तोटा नाही, पण त्या वासापायी मला केळं तोंडात धरवत नसे.

कॉलेजात जाऊन आलेले दोघं-तिघं तरुण ह्यांच्याकडे चित्राची विद्या शिकायला येत. ओसरीवर हे त्यांना धडे देत आणि मी आतून ऐकत असे. खुनी पहिल्या रिळातच दाखवायचा आणि लगेच विसरायला लावायचा. सुरी आधी, हात नंतर. संकट प्रेक्षकाला आधी कळलं पाहिजे, ज्याच्यावर यायचं त्याला सगळ्यांच्या शेवटी. आणि चेहरा स्वतःहून काही सांगत नाही, चेहऱ्याच्या पुढे तुम्ही जे चिकटवाल ते सांगतं. हा शेवटचा धडा तर मीच ह्यांना दाखवून दिला होता, पण ओसरीवर माझं नाव कधी निघालं नाही.

चित्र आम्ही शिंदखेड्याला काढलं, तिथलेच भिकन, निंबा असे शेतकरी आणि शाळेचे मास्तर घेऊन. केळीच्या बागेचं दृश्य तेवढं असोद्याचं. नट म्हणून उभे राहिलेले लोक दुसऱ्या नावानं हाक मारली तर वळूनच बघत नसत. शेवटी हे वैतागले आणि म्हणाले, राहू दे, ज्याचं जे नाव तेच चित्रात. म्हणून खून करणाऱ्या माणसाचं नाव चित्रातही भिकन पडलं. भिकन पाटील म्हणजे देवमाणूस, पण डोळे असे की कॅमेऱ्याकडे नुसतं बघितलं तरी पोटात गोळा यावा. मी त्याच्या चेहऱ्यापुढे सुरी चिकटवली, सुरीपुढे केळीची हलणारी पानं, आणि त्यापुढे मुंबईहून छापून आणलेली पाटी, 'खुनी भिकन!'

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शिंदखेड्याच्या कापसाच्या जिनाच्या रिकाम्या गोदामात पहिला खेळ झाला. पाट्या वाचता येणारे लोक कमी, म्हणून पडद्याशेजारी उभं राहून मगन नावाचा एक दणदणीत आवाजाचा माणूस गोष्ट समजावून सांगे. शेवटी तो 'खुनी भिकन!' असा गरजला तेव्हा बायकांनी पदर तोंडात घातले. हे तर हवेत होते. माझेही पाय जमिनीवर नव्हते, खोटं कशाला बोलू.

आखाजीनंतर थोड्याच दिवसांत भिकन एकटाच जळगावला आमच्या दारात येऊन उभा राहिला. मी पाट दिला, पण तो बसेना. नुसता खोलीत येरझारा घालत होता.

"वहिनी, माले खुनी म्हंतस," तो म्हणाला.

"चित्रातलं बोलणं ते. चार दिवसांत विसरतील."

"नही वं. आम्हना गावमा तीन भिकन शेतस. एक लंगडा भिकन, एक टपालवाला भिकन. माले आजपावत नाव नव्हतं. आते मी खुनी भिकन."

मला हसू आलं आणि पुढचं ऐकून ते तोंडातच राहिलं. त्याच्या तानूला बघायला बेटावदहून पाहुणे आले होते. मुलाचे वडील रुपचंद पाटील, मोठे शिस्तीचे. पारावर थांबून त्यांनी विचारलं, भिकन पाटलांचं घर कुठलं? पारावरच्या माणसानं सरळ मनानं विचारलं, "कोणता भिकन? खुनी का?" पाहुण्यांनी तिथूनच गाडी वळवली. तानू नवी साडी नेसून चहाचं आधण ठेवून बसली होती.

"त्यासनी पुढे काही ईचारंच नही," भिकन म्हणाला. "मनी पोरनं काय चुकनं, वहिनी? दुसरा कोणले तरी खुनी करा. पन गावमाधला नको. निंबाले करशात तर त्याले बी पोरी शेतस."

खून आपल्या गळ्यातून काढायला आलेला माणूस तो दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडू नये म्हणून हात जोडत होता. मी म्हटलं, "भाऊ, बाजाराच्या दिवशी पुन्हा खेळ आहे. कसंही करून रुपचंद पाटलांना घेऊन या." काय करणार होते ते मलाही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे ताटावरून उठायचेच बाकी राहिले.

"भिकनचे डोळे काढले तर चित्रात राहतं काय? केळीची पानं?"

"त्या पोरीचं लग्न मोडतंय."

"मी त्या पाहुण्यांना समजावून सांगेन की हे नाटक आहे."

"ते त्यांनाही कळतं. चित्र खरं वाटलं म्हणून नाही परत गेले ते. असल्या नावाच्या घरातून सून कशी आणली म्हणून चारचौघं विचारतील, म्हणून गेले."

"चित्राला खुनी लागतो," हे म्हणाले. "खुनी नसेल तर बघायला येतं कोण?" आणि हात धुऊन बाहेर गेले. बोलणं संपलं.

दुसऱ्या दिवशी हे खेळाचं मशीन आणायला धुळ्याला गेले. तिथूनच परस्पर शिंदखेड्याला येणार होते, फिल्मचे डबे मी न्यायचे. घरात मी आणि डबे. मी डबा उघडला, मिटला. अंगणात गेले, तुळशीला दुसऱ्यांदा पाणी घातलं, परत आले. एकच प्रत होती. कापलं की कापलं.

भिकनचा चेहरा मी काढला नाही. त्यापुढची सुरी काढली आणि त्याच्याच गाईच्या फिल्मचा एक तुकडा पडून होता तो लावला. खिडकीशी धरून बघितलं. तेच डोळे, पण आता हा माणूस जनावराची काळजी करत होता. 'खुनी भिकन' ही पाटी काढून टाकली. मग ती सुरीची फिल्म हातात घेऊन बसले. ती लावायची कुणाच्या पुढे? निंबाच्या? त्याला मुली. मास्तरांच्या? त्यांना शाळा. ज्याच्या त्याच्या चेहऱ्यामागे एक घर उभं होतं. हे म्हणाले ते खरंच होतं, चित्राला खुनी लागतो.

तेव्हा मला बिस्किटाच्या डब्यातले वाया गेलेले तुकडे आठवले. असोद्याच्या बागेत कॅमेऱ्याची नवी काच तपासताना तो फिरवायचा दांडा माझ्या हातात होता आणि हे समोर उभे होते. डोक्याला उन्हासाठी फेटा गुंडाळलेला, दाढी वाढलेली. एका तुकड्यात हे विहिरीवर पाणी पीत होते. दुसऱ्यात केळीतून तरातरा माझ्या अंगावर येत होते, डोळे वटारून, कारण मी दांडा भरभर फिरवून फिल्म उधळत होते. तो राग माझ्यावरचा होता, अस्सल. मी पाणी पिण्याचा तुकडा पहिल्या रिळात घातला, लोकांनी बघावा आणि विसरावा म्हणून. दुसरा लावला सुरीच्या पुढे. ह्यांचाच धडा. जोड दाबून धरला. ह्यांना कळल्यावर काय होईल याचा विचार मी करत होते आणि जोड सुकायची वाट बघत होते.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नाही. नव्या खुन्याची पाटी नव्हती. ती मुंबईला छापावी लागते.

ते लक्षात आलं शिंदखेड्याला, गोदामाच्या दाराशी. लोक आत शिरत होते. मी मगनला बाजूला घेतलं.

"शेवटी भिकनचं नाव घ्यायचं नाही," मी म्हटलं. "खुनी बदललाय."

"मंग कोनं नाव लेऊ?"

"ह्यांचं."

"कोनं?"

"अहो, ह्यांचं," मी म्हटलं आणि मशीनकडे मान वळवली. पण त्या क्षणी मशीनपाशी गर्दी होती. मगननं मान डोलावली. जन्मात मी कधी नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. आमच्या लग्नात बायकांनी नाव घे म्हणून अडवून धरलं, तरी माझी दातखीळ बसली ती बसलीच. शेवटी सासूबाईंनी सोडवलं. त्या घटकेलाही ते तोंडातून निघालं नाही, आणि तोवर दारं लागली.

भरदुपारी गोदाम अंधारं झालं. पत्रा तापला होता. पुढच्या सतरंजीवर फेटा बांधलेला भिकन, त्याच्या शेजारी त्यानं कसेबसे आणलेले रुपचंद पाटील, हातात काठी, चेहरा घट्ट. मागे मशीनवर हे, दांडा फिरवत. मी मधल्या भिंतीशी उभी राहिले. एकदा पडद्याकडे बघत होते, एकदा मागे.

विहिरीचा तुकडा आला. ह्यांच्या हाताला एक हिसका बसला, चित्र जरासं अडखळलं आणि पुढे गेलं. कुठून आला म्हणून हे चक्रावले असतील. मग भिकनचे डोळे आले, त्यापुढे गाय, आणि कुणीतरी बाई हळूच म्हणाली, "बिचारा वं." रुपचंद पाटलांनी वळून भिकनकडे बघितलं. मला वाटलं, जमलं.

मग सुरी आली. पानं हलली. आणि केळीतून फेटेवाला माणूस डोळे वटारून आमच्या अंगावर आला.

मगननं श्वास भरला. "आनि देखा, देखा, खुनी शे..." तो थांबला. पाटीची वाट बघितली. पाटी आली नाही. मग त्याला माझा शब्द आठवला आणि तो गरजला, "हे!"

"हे कोन?" मागून कुणी विचारलं.

"हे म्हंजे हे," मगन म्हणाला. त्याला एवढंच सांगितलं होतं.

गोदामात कुजबुज उठली. पडद्यावरचा चेहरा दाढीत आणि फेट्यात बुडालेला. रुपचंद पाटलांनी काठी जमिनीवर टेकवली. "हाऊ भिकनच शे," ते म्हणाले. "फेटा देखा." भिकन ताडकन उभा राहिला. चारी बाजूंनी "भिकन, भिकन" सुरू झालं.

आणि चित्र हळू होऊ लागलं. मी मागे बघितलं. दिव्याच्या उजेडात ह्यांचा चेहरा दिसत होता, पडद्यावर होता तसाच वटारलेला, आणि दांड्यावरचा हात जड पडत चालला होता. आपण स्वतः खुनी झालेलं ह्यांना तेवढ्यात कळलं होतं. दिव्यापुढे फिल्म थांबली की पेटते. एकच प्रत, कोंडलेलं गोदाम, भरलेली माणसं.

"जीवराम!" मी ओरडले. "खुनी जीवराम!"

सगळं गोदाम माझ्याकडे वळलं. भिकनला लोक विसरले, खुनाला विसरले. एका बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं होतं, भर सभेत, उखाणा नाही, काही नाही, आणि तेही खुनी म्हणून. पुढे बसलेल्या म्हातारीनं कानावर हात ठेवले. मगनला सुटल्यासारखं झालं. त्यानं दुप्पट आवाजात उचललं, "खुनी शे जीवराम सिनेमावाला!" आणि मग हसण्याचा एकच लोट उठला. ह्यांचा हात पुन्हा फिरू लागला. चित्र धावलं आणि संपलं.

दारं उघडली तेव्हा उन्हानं डोळे दिपले. हे फिल्म गुंडाळत होते, माझ्याकडे न बघता. "माझं चित्र मारलंस," एवढंच म्हणाले. ते खरं होतं. ह्यांनी त्या डोळ्यांसाठी उन्हातान्हात किती वणवण केली होती ते मीच पाहिलं होतं. मला वाईट वाटत होतं, आणि तरी मी ते पुन्हा केलं असतं.

सामान बांधून होईपर्यंत भिकन धावत आला. पाहुणे घरी आले होते, तानूच्या हातचा चहा घेतला होता, तिथी बघायचं ठरलं होतं. रुपचंद पाटील म्हणाले होते, ज्या माणसासाठी परकी बाई आपल्या नवऱ्याचं नाव घेते, त्याचं घर वाईट कसं असेल?

"पन आते तुमले खुनी म्हंतीन, भाऊ," भिकन ह्यांना म्हणाला. त्याचे ते भयंकर डोळे पाण्यानं भरले होते.

"म्हणू देत," हे म्हणाले. "मला मुलगी नाही."

पुढे गावानं भिकनला नवं नाव दिलंच. 'खुनी नही तो भिकन.' त्याला ते चाललं.

त्या संध्याकाळी स्टेशनवर गाडीची वाट बघत आम्ही डब्यांवर बसलो होतो. हे उठत, फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन येत, पुन्हा बसत. मीही पदराचं टोक चावत होते. मग हे माझ्यासमोर येऊन थांबले.

"लग्नात एवढी विनवणी केली बायकांनी, तरी घेतलं नाहीस."

"तेव्हा कुणाचं अडलं नव्हतं."

ह्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "पुन्हा एकदा घे ना. इथं कुणी नाही."

माझ्या ओठांवर आलं होतं ते. पण गाडीचा धूर दिसला, हमाल डबे उचलायला आला, आणि माझी दातखीळ पुन्हा बसली.

"पुढच्या खुनाला बघू," मी म्हटलं.