कोपरापर्यंत मैदा

“मावशी, लेडी म्हणजे मुळात पाव मळणारी!” भाची जेवताजेवता म्हणाली. ती कॉलेजात इंग्रजी शिकवायची. “फार जुन्या इंग्रजीत ‘ह्लाफ’ म्हणजे पाव. त्याला ‘मळणारी’ जोडलं. बोलता बोलता शब्द झिजला आणि लेडी उरलं. आधी घरची मालकीण, मग बड्या घरची बाई.”

मावशीचा घास हातातच राहिला.

नवरा गेल्यापासून तिचा सगळा जन्म बेकरीत पीठ मळण्यात गेला होता. समोर भट्टीवर एक विधुर कारागीर असायचा. रोज सकाळी त्याची हाक यायची, “चला लेडी, येऊ द्या पहिली खेप!” तिला ते आवडायचं, पण तिनं कधी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. एकदा मालकीणबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “कोपरापर्यंत मैदा, आणि म्हणे लेडी!” सगळी बेकरी खिदळली. मावशी उसळली ती मात्र त्याच्यावर. “पुन्हा माझी थट्टा केलीत तर याद राखा!”

त्यानं मान खाली घातली. त्या दिवसापासून तो नुसतं ‘बाई’ म्हणू लागला. पुढे त्याचे गुडघे गेले, आणि तो परगावी मुलाकडे राहायला निघाला. “येतो बाई,” म्हणाला. ती “बरं” म्हणाली. तेवढंच.

त्याच्या मुलाचा नंबर तिनं कधीचा मिळवून ठेवला होता. लावायला निमित्त नव्हतं, ते भाचीच्या बोलण्यानं मिळालं. दुसऱ्या दिवशी दुपारी बेकरीच्या मागच्या अंगणात जाऊन तिनं तो लावला. मुलानं फोन वडिलांच्या हातात दिला.

“कोण? मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही हो.”

“मी! बेकरीतली!”

“अहो, बाई! तुम्ही?”

“लेडी म्हणजे पाव मळणारी!” ती ओरडली. तिच्यासोबत पाकिटं भरणाऱ्या बायका काम टाकून दाराशी आल्या. “तुम्हाला ठाऊक होतं ना? म्हणून म्हणायचात ना?”



“छे हो. मला कुठलं इंग्रजी! मला तुम्ही लेडीच दिसायचात.”

बायकांकडे पाठ करून ती भिंतीकडे वळली.

“अजून मळता का?” त्यानं विचारलं.

“नाही! आता मशीन आलंय!”

“अरेरे,” तो म्हणाला.

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली. नळ सुटला, बंद झाला. सून कुणाला तरी चहाचं विचारत होती. त्यानं फोन ठेवला नव्हता. ती कानाशी धरून त्याचं घर ऐकत उभी राहिली.