उंबऱ्यामागं एक चिंचोका

पोशीरला एस.टी. यावी म्हणून सोनुबाईइतकं कोणी झुरलं नसेल. एकुलती लेक मैना शिळफाट्याच्या पलीकडं दिलेली. तिला मुलगा होऊन दीड वर्ष झालं आणि या आजीनं नातवाचं तोंड अजून बघितलं नव्हतं! गुडघे असे धरलेले, की नेरळच्या स्टेशनापर्यंतसुद्धा चालवेना.

चौऱ्याहत्तरच्या मार्गशीर्षात कर्जतहून एस.टी.चे दत्तोपंत पाहणीला आले. म्हणाले, "शंभर उतारू भरले तर गाडीचा विचार होईल. गावातून जाणारे किती, ते तुम्हीच मोजून ठेवा. गावचं गावालाच ठाऊक." बाप्ये सगळे भातझोडणीत गुंतलेले. "वयनी, तूच मोज," असं दीर नामा हसत म्हणाला आणि काम सोनुबाईच्या गळ्यात पडलं. पण तिनं ते जिवापाड केलं हो! आठ दिवस काठी टेकत दारोदार फिरली. होकार आला की डब्यात एक चिंचोका टाकायचा.

नवव्या दिवशी दत्तोपंतांनी डबा ओतला. चिंचोके भरले बेचाळीस.

"एवढेच? मग काही जमायचं नाही, सोनुबाई."

सोनुबाई काठी टेकत पुढं झाली. "अवो, सगळ्या गावानं हो म्हटलंय! बेचाळीस उंबरं, एक नाय सुटला."

"उंबरे?"

"मग? देवीचा नैवेद्य असो, पालखीला माणूस द्यायचा असो, आमी उंबऱ्यामागं एकच धरतो."

दत्तोपंतांनी कपाळाला हात लावला. "अहो, गाडीत उंबरा बसतो का? माणसं मोजा, बायका-पोरं सगळी! यात तुमचा चिंचोका कुठला?"

"माझा कुठला? मी दिराच्या उंबऱ्यातली."

बोलली आणि तिचं तिलाच कसंसं झालं. नवरा गेल्यापासून तिला कोणी वेगळं धरलं नव्हतं, आणि मोजायला बसली तर तिनंही स्वतःला धरलं नव्हतं. जायची ओढ मात्र सगळ्यांत जास्त तिलाच होती.

दत्तोपंतांनी चार दिवस वाढवून दिले. यावेळी पहिला चिंचोका तिनं स्वतःचा टाकला, मग पुन्हा सगळं गाव पालथं घातलं. एकशे अठ्ठ्याऐंशी भरले. दत्तोपंत खूश होऊन आकडा लिहायला लागले, तसा तिनं कनवटीचा आणखी एक पुढं केला.

"हा कुणाचा?"

"मैनेचा. माहेरी यायची हाय ना ती."

"इथून जाणारेच धरायचे, बाई. तिला तिच्या गावात मोजतील."

सोनुबाईनं चिंचोका परत मुठीत घेतला. "तिथं तिला कोन मोजतंय, साहेब? ती बी सासऱ्याच्या उंबऱ्यातलीच."