पावतीची मागची बाजू

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता आमच्या सेक्रेटरींचा लॅपटॉप मेला. ‘मेला’ हा शब्द त्यांचाच. खरं तर नुसता बंद पडला होता, पण सेक्रेटरींचा आवाज ऐकून त्यांची बायको स्वयंपाकघरातून हातातला झारा घेऊनच धावत आली.

सेक्रेटरी म्हणजे आमच्या वसाहतीचे सेक्रेटरी. नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, पण खरा जीव वसाहतीच्या कारभारात. माणूस सरळ, कष्टाळू, कुणाच्याही अडीअडचणीला धावणारा. फक्त एकच खोड, की जे बोलायचं ते ठासून बोलायचं आणि लगेच बोलायचं. घरात मीठ संपलं तरी ते ‘कळवण्यात येते की’ अशी सुरुवात करतात, असं त्यांची बायको म्हणते, आणि ती काही फार वाढवून सांगत नाही.

“तीनच दिवस झाले नवी बॅटरी टाकून!” सेक्रेटरी बटण दाबत म्हणाले. बारीकसा दिवा लुकलुकला आणि विझला. “वायर लावलेली आहे, वीज आहे, आणि तरी कालपासून आकडा खालीच उतरतोय. चाळीस, पंचवीस, आठ, आणि आता हे! सभेचा अहवाल अर्धा राहिलाय माझा. बनावट बॅटरी माथी मारली त्या बाईने!”

“अहो, फोन करून विचारा तरी तिला,” बायको म्हणाली.

“विचारायचं काय त्यात? सगळ्यांना सावध करायला हवं.”

आणि झारा स्वयंपाकघरात परत जायच्या आत वसाहतीच्या ग्रुपवर संदेश गेलासुद्धा. ‘सर्व सभासदांना कळवण्यात येते की, चौकातल्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानातून बॅटरी बदलून घेतली असता तीन दिवसांत लॅपटॉप बंद पडला. माल बनावट आहे. सावध राहावे!’

अंगठ्यांची रांग लागली. कुणी लिहिलं, ‘मला तेव्हाच शंका आली होती.’ त्या गृहस्थांनी ते दुकान आतून कधी पाहिलेलंही नव्हतं. मग आमच्याच वसाहतीत राहणाऱ्या, पलीकडच्या गल्लीतल्या शाळेच्या मुख्याध्यापिकांचं उत्तर आलं. ‘बरं झालं कळवलंत. शाळेच्या तीस कॉम्प्युटरांची देखभाल उद्यापासून त्या ताईंकडेच द्यायची ठरली होती. आता थांबवते.’

सेक्रेटरींनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. “बघा! शाळा वाचली.”

खिडकीपाशी शब्दकोडं सोडवत बसलेल्या आत्याने पेन्सिल खाली ठेवली. आत्या म्हणजे सेक्रेटरींची सख्खी आत्या. एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेली, आता पंचाहत्तरीची, आणि अजून घरातला इस्त्रीचा प्लग तीच दुरुस्त करते.

“शाळा वाचली ते कळलं,” आत्या म्हणाली. “त्या बाईच्या हातचं वर्षभराचं काम गेलं, तेही कळलं. आता मला सांग, लॅपटॉप देताना तिने काय सांगितलं होतं?”

“सांगितलं असेल काहीतरी. मी तिथल्या माणसाशी बोललो.”

“कुठला माणूस?”

“होता की. काउंटरला टेकून उभा होता. चांगला पोक्त, चष्मेवाला. मी नीट विचारलं त्याला, कुठलाही चार्जर चालेल ना? तो म्हणाला, चालेल की!”

“आणि बॅटरी कुणी बसवली?”

“तिने.”

“म्हणजे मशीन उघडलं तिने, बसवलं तिने, बंद केलं तिने. आणि प्रश्न विचारलेस त्याला?”

“अगं, ती बोलत होती मधे मधे...” सेक्रेटरींचा आवाज जरा खाली आला.

आत्या हसली. “शेवटची नऊ वर्षं मी आमच्या केंद्राची प्रमुख होते. खुर्चीत मी बसलेली, आणि लोक येऊन मलाच विचारायचे, साहेब कधी येतील? एक गृहस्थ तर अकरापासून एकपर्यंत माझ्या समोरच्या बाकावर साहेबांची वाट बघत बसले.”

“मग?” बायकोने विचारलं.

“मग काय, साहेब डबा खायला गेल्या!” तिघंही हसले. पण आत्या लगेच गंभीर झाली. “मला तेव्हा गंमत वाटायची. त्यांचा फोन आणखी दोन दिवस बंद राहिला, म्हणजे ऐकलं नाही त्यांनी आणि भोगलंही त्यांनीच. इथे तसं नाही रे. ऐकलं नाहीस तू, आणि भोगणार ती.”

सेक्रेटरींनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. ही तशी दुर्मीळ गोष्ट.

“पावती कुठे आहे?” आत्याने विचारलं.

पावती! सेक्रेटरींनी पाकीट पाहिलं, खण पाहिला, वर्तमानपत्रांचा गठ्ठा पाहिला. शेवटी बायकोच खाली वाकली. लॅपटॉपचं टेबल डगमगत होतं म्हणून गुरुवारी त्याच्या एका पायाखाली कागदाची घडी सरकवलेली होती. तिने ती ओढून काढली, टेबल एका अंगाला कललं, आणि घडी उलगडली तर तीच पावती. पुढच्या बाजूला छापील मजकूर. मागच्या बाजूला निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. बायकोने वाचलं.

“लॅपटॉपचा स्वतःचा चार्जरच लावा. लहान चार्जरने मशीन थोडा वेळ चालेल, पण बॅटरी भरणार नाही, उलट उतरत जाईल. पहिल्यांदा पूर्ण भरू द्या. बंद पडलाच तर चार्जर काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग स्वतःचा चार्जर लावा. अडलं तर फोन करा, संकोच नको.”

तिघांच्याही नजरा चार्जरकडे वळल्या. टेबलावरचा चार्जर पांढरा, सडपातळ, त्यांच्या लेकीचा होता. सेक्रेटरींचा स्वतःचा, काळा आणि विटेएवढा जाड, कचेरीच्या खणात पडलेला होता. आत्याने शब्दकोड्याचं भिंग उचललं आणि चार्जरवरची बारीक अक्षरं वाचली. “पंचेचाळीस वॅट.” मग लॅपटॉप उलटा करून वाचलं. “याला हवेत नव्वद. निम्म्यावर राबवत होतास बिचाऱ्याला!”

“अरे देवा!” सेक्रेटरी मटकन खुर्चीत बसले. मग घाईघाईने मोबाइल उचलला. “पुसून टाकतो तो संदेश.”

“वाचणाऱ्यांच्या डोक्यातून कसा पुसशील?”

“मग मुख्याध्यापिकाबाईंना फोन करतो. खासगीत समजावून सांगतो.”

“वा रे वा! बदनामी चारचौघांत, आणि माफी खासगीत?” आत्या पायात चपला सरकवत म्हणाली. “ऊठ, लॅपटॉप उचल. आधी तिच्याकडे जाऊ.”

दुकान अरुंद, पण लख्ख. टेबलावर वाकवता येणारा दिवा, आणि औषधाच्या गोळ्यांच्या सात कप्प्यांच्या डबीत मापाप्रमाणे लावलेले इवलेसे स्क्रू. ताई पस्तिशीची, केस वर बांधलेले, कपाळाला भिंगाचा पट्टा. आणि काउंटरला टेकून तोच पोक्त चष्मेवाला माणूस उभा!

ताईच्या चेहऱ्यावरूनच कळलं, की संदेश तिच्यापर्यंत पोहोचलाय. पण ती एवढंच म्हणाली, “द्या इकडे. आधी हा बघू.”

तिने बटण दाबून धरलं, मनात आकडे मोजले, आणि आपल्याकडचा जाड चार्जर लावला. दिवा पेटला. या वेळी विझला नाही. पडद्यावर आकडा आला, दोन. मग तीन. मग पाच.

“बॅटरी चांगली आहे तुमची,” ताई म्हणाली.

सेक्रेटरींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “ताई, चूक माझीच आहे. तुम्ही लिहून दिलेलं मी वाचलंच नाही. पण...” ते त्या माणसाकडे वळले, “पण तुम्ही तर म्हणालात, कुठलाही चार्जर चालेल!”

“मी?” तो माणूस दचकला. “अहो, मी शेजारचा शिंपी! त्या दिवशी माझा पंखा बंद होता, म्हणून इथे वाऱ्याला उभा होतो. तुम्ही एवढ्या आदराने विचारलंत, मला नाही म्हणवेना!”

आत्या हसता हसता बाकावर बसली. ताईलाही हसू आवरेना. पण हसणं ओसरल्यावर ती हळूच म्हणाली, “मी तीनदा सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही मान हलवत होतात, पण यांच्याकडे बघून. रोजचंच आहे हे. म्हणूनच मी पावतीमागे लिहून द्यायला लागले. कागदाचं तरी ऐकतील असं वाटलं. बाकी कशाचं नाही वाईट वाटलं, पण त्या शाळेसाठी मी वर्षभर वाट बघत होते.”

तिथेच उभ्या उभ्या सेक्रेटरींनी मोबाइल काढला आणि लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच ‘कळवण्यात येते की’ शिवाय लिहिलं. ‘सकाळचा माझा संदेश खोटा आहे. बॅटरी उत्तम आहे. चार्जर मी चुकीचा लावला. ताईंनी तीनदा सांगितलं, लिहूनही दिलं. त्या बाई आहेत म्हणून मी त्यांचं ऐकलं नाही आणि शेजारच्या शिंप्याला विचारून आलो. मी ताईंची सगळ्यांसमोर माफी मागतो.’

या वेळी अंगठे आले नाहीत. मग मुख्याध्यापिकांनी लिहिलं, ‘ताई, उद्या अकराला शाळेत या. काम तुमचंच आहे. आणि सेक्रेटरी, हा किस्सा मी आमच्या वर्गावर सांगितला तर चालेल?’

सेक्रेटरींनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. “चालेल की!” ते म्हणाले, आणि शिंपी सगळ्यांत मोठ्याने हसला.

इतक्यात एक गृहस्थ घाईघाईने आत शिरले. काखेत लॅपटॉप. टेबलामागच्या ताईकडे न पाहताच त्यांनी तो थेट सेक्रेटरींपुढे धरला. “साहेब, हा चालूच होत नाही हो. बघता का जरा?”

सेक्रेटरींना त्या माणसात गुरुवारचे स्वतःच दिसले, अगदी तसेच, तेवढ्याच आदराने चुकीच्या माणसापुढे उभे. त्यांनी त्या गृहस्थांना खांद्याला धरून अलगद वळवलं.

“मी पाणीपुरवठ्यातला आहे, आणि हे शिवणकामातले. लॅपटॉपच्या साहेब त्या समोर बसल्यात. त्या सांगतील ते नीट ऐका, त्यांच्याकडे बघून ऐका. मी ऐकलं नव्हतं, आणि त्याची किंमत ताईंनी मोजली असती.”

ताईने दिवा पुढे ओढला. “बसा,” ती त्या गृहस्थांना म्हणाली. “काय काय झालं ते सांगा.” आणि ते सांगू लागले, तिला.

तर मंडळी, आपणही जरा आठवून पाहू या. दवाखान्यात, बँकेत, दुरुस्तीच्या दुकानात, आपल्या स्वतःच्या घरात, ज्या बाईला काम येतं तिला सोडून आपण किती वेळा शेजारच्या शिंप्याला विचारून आलो? बाईचं ऐकून घेणं हे काही तिच्यावर उपकार नाहीत. ज्याला येतं त्याचं ऐकायचं, एवढा साधा व्यवहार आहे तो. आणि ऐकायचं राहून गेलंच, तर दोष देण्याआधी पावतीची मागची बाजू वाचावी.

सेक्रेटरींच्या घरी ती पावती आता भिंतीवर लावलेली आहे. टेबल अजून डगमगतं. त्याचंही काहीतरी करायला हवं, असं आत्या म्हणते, आणि हल्ली सेक्रेटरी तिचं लगेच ऐकतात.